खोलगट छाती : खळगा भरायचा की हाड उचलायचे?

छातीचे मधले हाड आणि त्याला जोडलेल्या बरगड्यांची टोके आत वळली, की छातीच्या मधोमध खळगा दिसतो. वैद्यकात याला पेक्टस एक्स्कॅव्हेटम म्हणतात. छातीच्या जन्मजात दोषांत हा सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे. ढोबळमानाने दर ३०० ते ४०० मुलांमागे एकाला तो असतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत तीन ते पाच पट अधिक दिसतो. या हिशेबाने बीड जिल्ह्यातील नांदूरघाट आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांतही अशी काही मुले असणारच. ती सहसा दवाखान्यात येत नाहीत. विहिरीवर पोहायला जायचे टाळतात, तालमीत अंगातली बनियन काढत नाहीत, खांदे पुढे ओढून पोक काढून चालतात आणि वयाच्या विशीत लग्नाचे किंवा भरतीचे निमित्त झाले की उपाय शोधू लागतात.

बरगड्या मधल्या हाडाला थेट जोडलेल्या नसतात. मध्ये कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा सांधा असतो. ही कूर्चा वाजवीपेक्षा जास्त वाढली की मधल्या हाडाला आत ढकलते, असे मानले जाते. खळगा बहुधा हाडाच्या खालच्या भागात, पोटाच्या वर खोल असतो आणि पुष्कळदा उजवीकडे कललेला असतो. आईच्या गरोदरपणातील खाणेपिणे, ग्रहण, लहानपणी पडणे किंवा बाळाला कडेवर घेण्याची पद्धत यांचा त्याच्याशी संबंध नाही. अनेकांच्या घरात वडील, चुलते किंवा भावंडांपैकी कोणाला तरी तसाच खळगा असतो. साधारण ११ ते १५ या वयात उंची झपाट्याने वाढते तेव्हा तो अचानक खोल होतो, म्हणून पालकांना तो नव्याने झाल्यासारखा वाटतो.

दिसणे सुधारण्यासाठी आज जे उपचार आहेत त्यांचे दोन सरळ गट पडतात. एका गटात हाड आहे तिथेच ठेवून वरचा खळगा भरून काढतात. दुसऱ्यात आत गेलेले हाड उचलून पुढे आणतात. भरलेला खळगा वरून सपाट दिसतो, पण आतील हृदयाला आणि फुफ्फुसांना त्याने जागा मिळत नाही. म्हणून कोणताही उपचार निवडण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर लागते : हा प्रश्न फक्त दिसण्याचा आहे, की खळग्याचा दाब आतही पडतो आहे?

खळगा घरी कसा मोजावा

मुलाला सपाट जमिनीवर उताणे झोपवावे. शाळेतील ३० सेंमीची पट्टी खळग्यावर आडवी ठेवावी, म्हणजे तिची दोन्ही टोके छातीच्या उंच भागांवर टेकतात. दुसरी पट्टी उभी धरून आडव्या पट्टीपासून खळग्याच्या तळापर्यंतचे अंतर मोजावे. पट्टीच्या टोकाला शून्याआधी कोरी जागा असेल तर तेवढी जागा मोजमापात मिळवावी. माप श्वास सोडल्यानंतर घ्यावे. तारीख, वय, उंची आणि खोली वहीत लिहावी आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे. समोरून, बाजूने आणि तिरपे असे तीन फोटो त्याच जागी, त्याच उजेडात काढून ठेवावेत. खोली वाढते आहे की स्थिर आहे, हे डॉक्टरांना या नोंदीवरून लगेच कळते.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत एक फरक नीट लक्षात ठेवावा. शांत झोपेतही तसाच राहणारा खळगा जन्मजात असू शकतो. पण बाळाला खोकला किंवा ताप आहे, श्वास जोरात चालला आहे आणि प्रत्येक श्वासाला छातीचा खालचा भाग आत ओढला जातो, म्हणजेच ज्याला पोट उडणे म्हणतात ते दिसते आहे, तर ते न्यूमोनियाचे लक्षण असते. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास मोजले गेले तर तो श्वास जलद धरतात. अशा बाळाला त्याच क्षणी दवाखान्यात न्यावे.

उपचाराआधीच्या तपासण्या

धावताना बरोबरीच्या मुलांपेक्षा लवकर धाप लागणे, छातीत दुखणे, धडधडणे, चक्कर येणे ही लक्षणे असतील तर दाब आत पडत असण्याची शक्यता असते. खळगा खोल असेल तर हृदय डावीकडे सरकते. मुलगा उंच आणि किडकिडीत आहे, हातपाय व बोटे फार लांब आहेत, चष्म्याचा नंबर मोठा आहे असे एकत्र दिसले तर मार्फान सिंड्रोम या आनुवंशिक विकाराची तपासणी करावी लागते. त्यात हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगण्याचा धोका असतो. पाठीच्या कण्याला बाक आहे का, हेही त्याच वेळी पाहतात.

नेहमीच्या तपासण्या चार : हृदयाचा आलेख म्हणजे ईसीजी, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे टू-डी इको, फुफ्फुसांच्या क्षमतेची फुंकर मारून होणारी चाचणी, आणि शस्त्रक्रियेचा विचार असेल तर छातीचा सीटी स्कॅन. स्कॅनवरून हॅलर निर्देशांक काढतात. १९८७ पासून वापरात असलेली ही पद्धत सोपी आहे. छातीच्या आतील पोकळीची रुंदी भागिले मधले हाड आणि पाठीचा मणका यांमधील सर्वांत कमी अंतर. रुंदी २६ सेंमी आणि अंतर ८ सेंमी असेल तर भागाकार ३.२५ येतो. सर्वसाधारण छातीत हा आकडा २.५ च्या आसपास असतो. ३.२५ किंवा त्याहून जास्त आला की खळगा तीव्र समजतात आणि हाड उचलण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करतात. केवळ आकड्यावर निर्णय होत नाही. लक्षणे, वय आणि रुग्णाची इच्छा यांनाही तितकेच महत्त्व असते.

नांदूरघाटच्या कुटुंबाने सुरुवात गावातील सरकारी दवाखान्यापासून करावी. शाळेत आणि अंगणवाडीत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी करते आणि जन्मजात दोष शोधणे हे त्याचे एक मुख्य कामच आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाने शर्ट काढून छाती दाखवली पाहिजे. शर्टावरून खळगा कळत नाही. मुलींची तपासणी महिला डॉक्टरांकडून करून घ्यावी. पुढची पायरी म्हणजे केजमार्गे अंबाजोगाई. तेथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग, शस्त्रक्रिया आणि क्ष-किरण विभागांची मते एकाच ठिकाणी मिळू शकतात. प्रत्यक्ष उपचारासाठी प्लास्टिक सर्जन आणि छाती-हृदयाचे सर्जन असलेले केंद्र लागते. मुंबईच्या केईएम आणि जे. जे. रुग्णालयांत हे दोन्ही विभाग आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातही आधी चौकशी करावी, म्हणजे कदाचित मुंबईची खेप वाचेल.

व्यायाम काय करतो, काय करत नाही

व्यायामाने आत गेलेले हाड बाहेर येत नाही. तरीही दिसण्यात फरक पडतो, कारण खोलगट छातीच्या अनेक मुलांची पाठ वाकलेली, खांदे पुढे पडलेले आणि पोट सुटल्यासारखे असते. पाठ सरळ झाली की खळगा कमी उठून दिसतो. म्हणून पाठीचे आणि खांद्यांमागचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आधी घ्यावेत. पालथे झोपून छाती उचलणे, दोन्ही खांदे मागे खेचून धरणे, भिंतीला पाठ टेकवून हात वर सरकवणे, असे व्यायाम घरी होतात. पोहणे आणि खोल श्वसनाचा सरावही चांगला. फक्त छातीचे स्नायू फुगवण्याच्या मागे लागू नये. हे स्नायू मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना असतात, बरोबर मधोमध नसतात. बाजू भरल्या आणि मधला भाग तसाच राहिला की काही जणांत खळगा अधिक खोल वाटतो.

व्हॅक्यूम बेल

शस्त्रक्रियेशिवाय हाड उचलू पाहणारे हे एकमेव रुळलेले साधन आहे. एकार्ट क्लोबे या जर्मन अभियंत्याला स्वतःला हा दोष होता आणि त्यातूनच त्याने हे साधन घडवले. ही सिलिकॉनची वाटी असते. वर पारदर्शक खिडकी आणि बाजूला हाताने दाबायचा पंप असतो. वाटी खळग्यावर बसवून पंप दाबला की आतली हवा कमी होते आणि हाड वर ओढले जाते. हे ओढले जाणे खिडकीतून डोळ्यांना दिसते. वाटी काढली की हाड परत खाली बसते. महिनोन्‌महिने नेमाने वापरल्यावर मात्र ते हळूहळू वरच्या जागी स्थिरावू लागते.

पहिली बसवणूक डॉक्टरांसमोरच व्हावी. सुरुवात बहुधा दिवसातून दोन वेळा अर्ध्या तासाने करतात आणि त्वचा सोसेल तशी वेळ वाढवत काही तासांपर्यंत नेतात. निदान वर्षभर, पुष्कळदा त्याहून जास्त काळ वापर लागतो. वय ११ च्या आत, खोली दीड सेंमीपेक्षा कमी आणि छाती लवचीक असेल तेव्हा निकाल सर्वांत चांगला येतो. वाढ पूर्ण झालेल्या माणसात कूर्चा ताठ झालेली असते, त्यामुळे तिथे अपेक्षा बेताचीच ठेवावी. त्वचेवर लाली, काळेनिळे वण, पाठदुखी, हाताला तात्पुरत्या मुंग्या हे त्रास होऊ शकतात. हाडे ठिसूळ असण्याचा आजार, रक्त न गोठण्याचा आजार, हृदयाचा विकार किंवा मोठ्या रक्तवाहिनीची फुगवटी असेल तर ही वाटी वापरायची नाही. हिजामाचे कप किंवा घरगुती बनावटीची वाटी तिच्या जागी चालत नाही. त्यांचा दाब मोजलेला नसतो आणि आकार हाड उचलण्यासाठी केलेला नसतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांना या साधनाची एक सोय आहे. त्याला वीज लागत नाही, त्यामुळे फडावरच्या कोपीतही वापर चालू राहू शकतो. मात्र मूल आजीकडे गावी राहणार असेल तर वाटी बसवायला आजीलाही शिकवून ठेवावे. पाच महिने खंड पडला तर कमावलेले बरेचसे हातचे जाते.

चरबी भरणे

पोट किंवा मांडीवरची चरबी बारीक नळीने शोषून, स्वच्छ करून खळग्याच्या त्वचेखाली थेंबाथेंबाने सोडतात. स्वतःच्याच शरीरातील ऊती असल्याने ती परकी म्हणून नाकारली जात नाही आणि वण फार लहान राहतात. अडचण टिकण्याची आहे. भरलेल्या चरबीचा मोठा वाटा, अनेकदा ३० ते ५० टक्के, पहिल्या काही महिन्यांत शरीर शोषून घेते. म्हणून दोन-तीन वेळा भरावी लागते. वजन घटले की भरलेली चरबीही घटते.

उथळ खळगा, एका बाजूचा लहान दोष किंवा आधीच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली उंचसखलता यांसाठी ही पद्धत योग्य. खोल खळग्याला ती पुरत नाही. शिवाय खोलगट छातीची बरीच मुले किडकिडीत असतात, त्यांच्या अंगावर काढण्याजोगी चरबीच नसते. पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिल्यास याचा अंदाज घरीच येतो. गाठी होणे, जंतुसंसर्ग आणि क्वचित चरबीचा कण रक्तवाहिनीत शिरणे हे धोके आहेत. त्यामुळे हे काम ब्यूटी पार्लरमध्ये किंवा खोलीवजा क्लिनिकमध्ये करून घेण्याचे नाही.

मापाचा सिलिकॉन भराव

खोल खळगा असूनही हृदय आणि फुफ्फुसे निरोगी असतील, वाढ पूर्ण झालेली असेल आणि प्रश्न खरोखर दिसण्याचाच असेल, अशा प्रौढांसाठी हा प्रमुख सौंदर्योपचार आहे. सीटी स्कॅनवरून संगणकात छातीचा त्रिमितीय आराखडा बनवतात आणि त्या खळग्यात नेमका बसेल असा रबरासारख्या घट्ट सिलिकॉनचा तुकडा तयार करून घेतात. फ्रान्समधील तुलूझ येथील प्लास्टिक सर्जनांनी या पद्धतीचा मोठा अनुभव मांडला आहे. हा तुकडा भरीव असतो, आत पातळ जेल नसते, म्हणून फुटून वाहण्याचा प्रश्न येत नाही.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते. एक छेद घेऊन तुकडा छातीच्या स्नायूंखाली बसवतात, म्हणजे त्याच्या कडा दिसत नाहीत. काही दिवस रुग्णालयात राहावे लागते, काही आठवडे घट्ट पट्टा बांधावा लागतो आणि ओझे उचलणे व खेळ दोन-तीन महिने बंद असतात. सर्वांत नेहमीचा त्रास म्हणजे तुकड्याभोवती पाणी साचणे. ते सुईने काढावे लागते, कधी पुन्हा पुन्हा. जंतुसंसर्ग झाला तर तुकडा काढावा लागू शकतो. तो सरकणे किंवा कडा हाताला लागणे हेही घडू शकते. वाढत्या वयात हा भराव घालत नाहीत, कारण छातीचा आकार बदलत राहतो आणि माप चुकते.

मुली आणि स्त्रिया

मुलींमध्ये खळगा स्तनांच्या वाढीनंतर झाकला जातो, तशीच एक बाजू लहान किंवा आत वळलेलीही दिसू लागते. केवळ स्तनांचे रोपण केले तर ते खळग्याकडे, म्हणजे मधोमध घसरू शकतात. म्हणून आधी हाडाचा विचार आणि मग स्तनांचा, असा क्रम ठेवावा. स्तनपान देण्यात या दोषाने सहसा अडथळा येत नाही. लग्न ठरण्याआधी घाईने उपचार उरकण्याचा दबाव मुलीवर आणू नये. शरीर तिचे आहे आणि संमतीही तिचीच हवी.

हाड उचलणाऱ्या शस्त्रक्रिया

आत दाब पडत असेल, किंवा नुसता भराव मान्य नसेल, तर हा मार्ग. अमेरिकी सर्जन मार्क रॅव्हिच यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत छाती समोरून उघडून वाढलेली कूर्चा काढतात आणि हाड सरळ करतात. वण मोठा राहतो. वेडेवाकडे दोष आणि मोठे वय यांसाठी ती आजही वापरतात.

डोनाल्ड नस यांनी अमेरिकेतील नॉरफोक येथे १९८७ मध्ये दुसरी पद्धत सुरू केली आणि १९९८ मध्ये ती प्रसिद्ध केली. दोन्ही काखांखाली लहान छेद घेऊन, दुर्बिणीने पाहत, कमानीसारखी वाकवलेली धातूची पट्टी मधल्या हाडामागून सरकवतात आणि फिरवतात, तसे हाड क्षणात पुढे येते. पट्टी साधारण तीन वर्षे आत राहते, मग काढतात. १२ ते १८ हे वय सोयीचे, पण प्रौढांतही ती करतात. सुरुवातीच्या वेदना तीव्र असतात. अलीकडे बरगड्यांमधील नसा गोठवून त्या बऱ्याच कमी करता येतात. पट्टी सरकणे, फुफ्फुसाभोवती हवा साचणे, जंतुसंसर्ग हे धोके आहेत. हृदयाला इजा होणे दुर्मीळ, पण प्राणघातक आहे. म्हणून या कामाचा हात बसलेला सर्जनच हवा. नकली दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या धातूने अंगावर पुरळ येत असेल तर आधी सांगावे. स्टीलच्या पट्टीत निकेल असते आणि अशा रुग्णाला टायटॅनियमची पट्टी घालता येते. पट्टी असल्याचे कार्ड कायम खिशात ठेवावे.

कशापासून दूर राहावे

द्रवरूप सिलिकॉनची इंजेक्शने कधीही घेऊ नयेत. ते ऊतींत पसरते, गाठी होतात, आणि पूर्ण काढता येत नाही. चेहऱ्यासाठी वापरले जाणारे हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर काही महिन्यांत विरते आणि छातीसाठी लागणारे प्रमाण फार मोठे, म्हणून खर्च वाया जातो. तेलमालिश, पट्टे, चूर्णे किंवा प्रोटीन पावडर यांनी हाड वर येत नाही. छातीवर डाग देणे तर सरळ इजाच आहे.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता ७९ सेंमी आणि फुगवून त्यात किमान ५ सेंमी वाढ लागते. फुगण्याची ही वाढ बरगड्यांच्या हालचालीवर आणि श्वासावर अवलंबून असते. चरबी किंवा सिलिकॉन भरून ती वाढत नाही. शरीरात धातूची पट्टी किंवा भराव असल्यास वैद्यकीय तपासणीत अडचण येऊ शकते. म्हणून भरतीच्या आशेने शस्त्रक्रिया करू नये. आधी त्या जाहिरातीतील वैद्यकीय निकष तपासावेत आणि तोवर पाठीचा व श्वासाचा व्यायाम करावा.

खर्च आणि वेळ

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया अशा योजनांत बसत नाही. हृदय-फुफ्फुसांवर परिणाम असल्याचे अहवाल असतील तर गोष्ट वेगळी ठरू शकते. त्यासाठी रुग्णालयातील आरोग्यमित्राला अहवाल दाखवून आधीच विचारावे. खाजगीत भूल, तुकडा किंवा पट्टी, रुग्णालय आणि पुढच्या फेऱ्या धरून पूर्ण अंदाजपत्रक लेखी मागावे. पट्टीच्या बाबतीत ती काढण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्चही त्यात हवा. दिसण्यासाठीचा उपचार तातडीचा कधीच नसतो. त्यासाठी मुकादमाकडून उचल घेऊ नये, सावकाराचे दार ठोठावू नये.

शस्त्रक्रियेची तारीख साखर कारखान्याचा पट्टा पडल्यानंतर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर घ्यावी, म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत काही महिने हाती राहतात. भराव असो वा पट्टी, डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत मोळी उचलणे, पाण्याच्या घागरी वाहणे, दुचाकीवरून खाचखळग्यांतून जाणे बंद. विद्यार्थ्यांनी दहावी-बारावीच्या परीक्षेनंतरची सुट्टी धरावी.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

निर्णयाआधी पाच प्रश्नांची उत्तरे घ्यावीत. माझ्या हृदयावर किंवा फुफ्फुसांवर दाब आहे का, आणि तो कोणत्या तपासणीत दिसला? हा उपचार हाड उचलतो की फक्त खळगा भरतो? असे किती रुग्ण आपण स्वतः केले आहेत, आणि त्यांचे आधीचे-नंतरचे फोटो पाहता येतील का? गुंतागुंत झाली तर रात्री-अपरात्री कुठे जायचे? काहीच केले नाही तर काय होईल? सर्जनची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तपासता येते आणि तसे करण्यात संकोच नसावा.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनेकांच्या बाबतीत दिलासा देणारे असते. खळगा सौम्य असेल, तपासण्या ठीक असतील आणि माणसाला त्याचे फारसे वाटत नसेल, तर काहीही न करणे हाही योग्य आणि सुरक्षित पर्याय आहे. वाढत्या मुलाची मात्र दर सहा महिन्यांची मोजणी चालू ठेवावी. खोली वाढू लागली तर छाती लवचीक असतानाच व्हॅक्यूम बेलचा निर्णय घ्यावा, लक्षणे दिसली तर हाड उचलण्याचा, आणि वाढ थांबल्यावर फक्त दिसण्याचीच खंत उरली तर खळगा भरण्याचा.